ब्रेंडा गॅली

ब्रेंडा गॅली या टोरांटो (कॅनडा) येथील नेत्रतज्ज्ञ व जनुकशास्त्र संशोधक. लहान मुलांच्या दृष्टिपटलाला होणारा ‘रेटिनोब्लास्टोमा’ हा कर्करोग त्यांच्या कामाचा विषय. या दुर्मीळ आजारात बाहुलीत पांढरी चमक दिसते. ती बहुधा डॉक्टरांच्या आधी आईवडिलांनाच दिसते, कित्येकदा फ्लॅशने काढलेल्या फोटोत.

गाठ होण्यासाठी पेशीत दोन बदल घडावे लागतात आणि आनुवंशिक रुग्णांत त्यांपैकी पहिला जन्मतःच असतो, असे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडले. १३व्या गुणसूत्रावरील घडामोडींतून याला पुष्टी देणाऱ्या १९८३च्या शोधनिबंधाच्या लेखकांत गॅली होत्या. पुढे १९८६ मध्ये ‘आरबी१’ जनुक हाती लागले.

गॅली यांनी या जनुकाची चाचणी थेट कुटुंबांच्या उपयोगी आणली. रुग्णाच्या जनुकातील नेमका दोष कळला की भावंडांतही तो आहे का, हे पाहता येते. नसेल, तर त्या बाळाला पुन्हा पुन्हा भूल देऊन डोळे तपासावे लागत नाहीत. असेल, तर गाठ अगदी लहान असताना सापडते आणि दृष्टी वाचण्याची शक्यता वाढते.

२०१३ मध्ये त्यांच्या गटाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. एकाच डोळ्यातील काही मोजक्या गाठींत आरबी१ शाबूत असते, पण ‘एमवायसीएन’ जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या असतात. अशी गाठ अवघ्या काही महिन्यांच्या बाळांत आढळते व झपाट्याने वाढते. अशा वेळी डोळा काढणे हाच बाळाला वाचवण्याचा मार्ग ठरू शकतो.