साहित्य संशोधनपद्धती (पदव्युत्तर मराठी)

साहित्याविषयीचा प्रश्न नेमका मांडून, पुरावे तपासून निष्कर्ष सप्रमाण लिहिण्याचे शिक्षण. जवळा बाजारच्या (ता. औंढा नागनाथ) विद्यार्थ्याला उत्तम विषय जिल्ह्यातच आहे. नरसी नामदेव हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते. नामदेव गाथेतील ‘नामा’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग त्यांचे नव्हेत; सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याचीही रचना त्यांत मिसळली आहे. ती निवडताना हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहावे लागतात, शब्दांची जुनी रूपे आणि उत्तरकालीन उल्लेख हेरावे लागतात. प्रत्येक पाठभेद पोथी व पृष्ठासह तळटीपेत नोंदवायचा. ही सवय लागल्याशिवाय प्रबंधाला हात घालू नये. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथातील नामदेवांची ६१ पदे तुलनेसाठी फार मोलाची आहेत.