अंदाज ते वाटी

जालन्यात मी दर रविवारी कॉलनीतल्या आठ-दहा पोरापोरींना स्वयंपाक शिकवतो. बारावीनंतर ही सगळी बाहेरगावी जाणार, रूमवर राहणार. आईला मीठ किती विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘अंदाजानं टाक!’

हा अंदाज कमलाबाई ओगले यांनी मापात बसवला. शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाक शिकल्या सासूबाईंकडून. १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ आलं. मापं घरातलीच: वाटी आणि चमचा.

बघा ना, सासूकडून सुनेला मिळणारी विद्या त्या वाटीमुळे कुणालाही मिळू लागली. मुलग्यांनाही! आमच्या वर्गात वरण-भात तसाच, वाटीनं मोजून होतो. ज्वारीची भाकरी मात्र अजून हातच शिकवतो.