दांतवण आणि ब्रश

माझें घर पेणचें आणि आजोळ रोह्याचें. आमच्या रायगड जिल्ह्यास १९८१ पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत. माझें बालपण त्या काळांतलें. तेव्हां घरची वडील मंडळी सकाळीं अंगणांत बसून दांतवण करीत. कोणी बाभळीची, कोणी निंबाची, कोणी करंजाची कोंवळी काडी घेई, तिचें टोंक चावून कुंचला करी, दांत घासून झाले म्हणजे ती उभी चिरून तिनें जीभ खरवडी, आणि मग टाकून देई. आम्हां मुलांच्या वांट्यास राखुंडी व पेणकडील मिठागरांतलें मीठ येई.

ही रीत फार प्राचीन आहे. दांतवण बारा अंगुळें लांब व करंगळीएवढें जाड असावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें असून कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह व तिखटांत करंज श्रेष्ठ मानला आहे.

केंसांचा ब्रश मूळचा चीन देशांतला. इंग्लंडांत विल्यम ॲडिस यानें १७८० च्या सुमारास तो विक्रीसाठीं करण्यास आरंभ केला. दांडी हाडाची आणि केंस डुकराचे! आपल्याकडील सोंवळ्या घरांना तो रुचणें कठीणच होतें. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनच्या केंसांचा ब्रश निघाला व ही अडचण दूर झाली.

परंतु या पालटांत एक गोष्ट आपल्या हातून निसटली. दांतवण रोज नवें असे. कालची काडी उष्टी म्हणून आज तिला कोणी शिवत नसे. ब्रश मात्र महिनोन्‌महिने तोच. मीं तीस वर्षें वर्गांत आरोग्याचे धडे शिकविले; पण माझ्याच घरीं सर्वांचे ब्रश एका पेल्यांत एकमेकांस खेटून उभे असत. “आजोबा, माझा ब्रश बाबांच्या ब्रशाला लागतो,” असें नातीनें म्हटलें, तेव्हां कोठें माझे डोळे उघडले.

तोंडांतील सूक्ष्म जंतू ब्रशावर उतरतात व ओलाव्यांत टिकून राहतात. कोंकणांत आषाढ-श्रावणांत दोरीवरचें धोतरहि वाळत नाहीं. मग टोपणांत कोंडलेला ब्रश कसा वाळावा? म्हणून दांत घासल्यावर ब्रश स्वच्छ पाण्यानें धुवावा, झटकावा, आणि केंस वर करून मोकळ्या हवेंत, दुसऱ्या ब्रशास न लागेल असा उभा ठेवावा. एकाचा ब्रश दुसऱ्यानें वापरूं नये. तीन-चार महिन्यांनीं, किंवा केंस फाकले तर त्याआधींच, तो बदलावा. औषधांत बुडवून ठेवण्याची गरज नाहीं.

सर्वांनीं पुनश्च दांतवणाकडे वळावें, असें माझें म्हणणें नाहीं. काडी टाकतांना वाडवडिलांनीं जो उष्ट्याचा विवेक पाळला, तो ब्रश ठेवतांना आपण पाळावा, एवढीच विनंती.