त्वचेपलीकडून वीज : कॉक्लिअर इम्प्लांटच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

प्रस्तावना

शरीरात बसविलेल्या यंत्रांचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेच्या अंगाने लिहिला जातो; त्यांना वीज कोठून मिळते, हा प्रश्न दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात कॉक्लिअर इम्प्लांटच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. तारेविना वीज पुरविण्याच्या पद्धतीमुळे रुग्णाचे परावलंबन संपले नाही, तर ते शरीराबाहेर आले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या पद्धतीचे मूळ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलत राहिल्यास जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मधली त्वचा त्याला अडसर ठरत नाही. पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो व शार्ल एरिए यांनी २५ फेब्रुवारी १९५७ रोजी एका बधिर रुग्णाच्या शरीरात असे वेटोळे बसवून श्रवणतंत्रिकेला चेतना दिली. रुग्णाला ध्वनीची जाणीव झाली, परंतु यंत्र टिकले नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये बसविलेल्या पहिल्या पेसमेकरमधील निकेल-कॅडमियम घटही बाहेरून प्रवर्तनानेच भारित होत असत.

पुढे मात्र दोन वाटा झाल्या. पेसमेकरला मायक्रोवॉटच्या घरातील वीज पुरते. १९७२ पासून लिथियम-आयोडीन घट वापरात आले, यंत्र अनेक वर्षे चालू लागले आणि बाहेरील वेटोळ्याची गरज उरली नाही. कॉक्लिअर इम्प्लांटला मिलिवॉटच्या घरातील वीज लागते. शिवाय ध्वनीची माहितीही सतत आत पोहोचवावी लागते. त्वचेतून तार काढल्यास जंतुसंसर्गाचा धोका. म्हणून चुंबकाच्या साहाय्याने डोक्यावर टिकणारे बाह्य वेटोळे येथे कायम राहिले.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईत बांद्रा येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही केंद्र शासनाच्या 'अ‍ॅडिप' योजनेतील कॉक्लिअर इम्प्लांटसाठी समन्वयक संस्था ठरली. २०१४ च्या सुधारित योजनेत प्रत्येक इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. त्यामुळे सामान्य कुटुंबातील बालकांनाही ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली.

परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते. बाह्य प्रोसेसर, वेटोळे, तार व बॅटरी यांची देखभाल मात्र आयुष्यभर करावी लागते. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावरील नायगावसारख्या ठिकाणच्या पालकांना वाचा-उपचारासाठी वारंवार प्रवास करावा लागतो, तो वेगळाच. बॅटरी संपताच आतील यंत्र सुस्थितीत असूनही मूल पुन्हा नि:शब्दतेत जाते.

निष्कर्ष

पेसमेकरच्या इतिहासात विजेचा प्रश्न घटाने शरीराच्या आत सोडविला. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत तो कुटुंबाच्या दैनंदिन जीवनात येऊन थांबला. म्हणून अशा योजनांचे मूल्यमापन केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येवरून न करता, काही वर्षांनंतर किती मुलांच्या डोक्यावरील वेटोळे कार्यरत आहे, या निकषावरही व्हावयास हवे.