दोन कानांचा घडा

रोममध्ये टायबर नदीच्या काठी, जुन्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर एक टेकडी आहे. उंची सुमारे 35 मीटर, घेर किलोमीटरभर. वर गवत आणि झुडपं. लांबून पाहणाऱ्याला ती इतर टेकड्यांसारखीच वाटते. पण वर चढू लागलं की पायाखाली माती कमी आणि खापरं जास्त वाजतात. टेकडी आतून-बाहेरून फुटक्या घड्यांचीच आहे. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे खापर, त्यावरून तिचं नाव मोंते टेस्टाच्चो. इथे किती घडे फुटले असावेत याचे अंदाज अडीच कोटींपासून पाच कोटींच्या पुढे जातात.

हा घडा म्हणजे अँफोरा. उभट पोट, अरुंद मान, दोन्ही बाजूंना कान आणि तळाला टोक.

टेस्टाच्चोवरचे बहुतेक अँफोरे स्पेनच्या दक्षिणेकडून, ग्वादलक्विव्हिर नदीच्या खोऱ्यातून ऑलिव्हचं तेल घेऊन आले. हा प्रकार इतरांपेक्षा गोल आणि पोटाळ होता. रिकामा घडाच 30 किलोंचा, त्यात साधारण 70 किलो तेल. तेल भाजक्या मातीत मुरतं आणि खवट होतं. त्यामुळे घडा दुसऱ्यांदा भरता येत नसे, आणि एवढं वजन रिकामं परत नेणं परवडत नसे. मग तो फोडायचा. पण हा उकिरडा बेशिस्त नव्हता. तळ फोडलेल्या अँफोऱ्यांत खापरं भरून त्यांच्या बांधासारख्या रांगा रचत, मागे भर घालत आणि दुर्गंधी दबावी म्हणून वर चुना टाकत.

यातलं एक खापर हातात घेऊन पाहिलं पाहिजे. कानावर एक ठसा, भाजण्याआधी ओल्या मातीत उमटवलेला. मानेखाली शाईने लिहिलेलं रिकाम्या घड्याचं वजन. त्याखाली व्यापाऱ्याचं नाव, मग आतल्या तेलाचं वजन. कानाजवळ घाईघाईच्या, तिरप्या अक्षरात तपासणीची नोंद: माल कुठे तपासला आणि त्या वर्षी कॉन्सल, म्हणजे रोमचे दरवर्षी बदलणारे सर्वोच्च अधिकारी, कोण होते. आपल्याकडे आडतीवर बारदान वजा करून निव्वळ वजन मांडतात, तोच हा हिशेब, पण अठराशे वर्षांपूर्वीचा आणि खुद्द मालाच्या अंगावर लिहिलेला. हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने 1872 पासून ही अक्षरं वाचायला घेतली. 1899 मध्ये त्याने अँफोऱ्यांच्या आकारांचा क्रमवार तक्ता छापला. त्या तेलाच्या घड्याला आजही जगभरचे पुरातत्त्वज्ञ ‘ड्रेसेल 20’ म्हणतात.

अँफोरा मात्र मूळचा रोमचा नाही. त्याचे पूर्वज भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, कनानच्या प्रदेशात घडले. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलं एक जहाज सापडलं. त्यात असे सुमारे दीडशे घडे होते आणि त्यातल्या बऱ्याच घड्यांत झाडाची राळ भरलेली होती. ग्रीकांनी हा आकार उचलला आणि त्याला ‘अँफिफोरेउस’ म्हटलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी धरून वाहायचं भांडं. बोलता बोलता ते आखूड होऊन ‘अँफोरेउस’ झालं आणि लॅटिनमध्ये ‘अँफोरा’. यातल्या ‘फोर’चा धातू ‘फेर’ म्हणजे वाहणे; तो आणि संस्कृतातला ‘भृ’ हे सख्खे भाऊ. आपला ‘भार’ त्याच घरातला.

रोमनांनी या घड्याला माप केलं. एक रोमन घनफूट म्हणजे एक अँफोरा, सुमारे 26 लिटर. त्याचा प्रमाण नमुना रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या जुपिटरच्या मंदिरात ठेवलेला असे. जहाजाची क्षमताही अँफोऱ्यांत मोजत. इ.स.पू. 218 च्या एका कायद्याने सिनेटरांना तीनशे अँफोऱ्यांहून मोठं जहाज बाळगायला बंदी केली. घरच्या शेतातला माल आणायला तेवढं पुरे, व्यापार त्यांना शोभत नाही, असा विचार त्यामागे होता.

टोकदार बुडाचा घडा उभा राहणार कसा, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. आपण गोल बुडाच्या घागरीखाली चुंबळ ठेवतो. अँफोरा वाळूत रोवत, तिवईत बसवत किंवा भिंतीला टेकवत. पण त्याची खरी जागा जहाजाच्या पोटात होती. वरच्या थरातल्या घड्यांची टोकं खालच्या थरातल्या घड्यांच्या खांद्यांमधल्या फटीत बसत आणि लाटांनी जहाज हललं तरी रचना ढळत नसे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ माद्राग द जियाँ इथे बुडालेल्या जहाजात सहा-सात हजार अँफोरे असे तीन थरांत रचलेले होते. शिवाय ओतताना हे टोक तिसऱ्या कानाचं काम करी: एक हात वरच्या कानाला, दुसरा बुडाला. कुरूप दिसणारं ते टोक मला या घड्यातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

दारूचा घडा आतून राळेने माखत आणि तोंडाला बूच लावून वरून चुन्याने लिंपत. उत्तम दारूवर कॉन्सलचं नाव असे, म्हणजेच साल. इ.स.पू. 121 मध्ये ओपिमियस कॉन्सल होता. त्या वर्षीची दारू इतकी गाजली की पुढे दीडशे-दोनशे वर्षं श्रीमंतांच्या बढाईत तिचं नाव येत राहिलं. पाँपेईत माशांच्या सॉसचा व्यापारी औलुस उंब्रिकियुस स्काउरुस याने तर आपल्या घराच्या मुख्य दालनात चारही कोपऱ्यांना काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये सॉसच्या बरण्या जडवून घेतल्या, वर मालाचं गुणगान आणि स्वतःचं नाव. पाहुणा आत आला की त्याची नजर आधी त्यांवर पडावी.

सगळे घडे टेकडीवर गेले नाहीत. कुटलेली खापरं चुन्यात मिसळून टाक्या आणि स्नानगृहांसाठी पाणी न झिरपणारा गिलावा होई. आपल्याकडच्या गवंड्यांची चुना-सुरखी हीच. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट माक्सेंटियसच्या सर्कसमध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, घुमटी छतांचं वजन कमी व्हावं म्हणून काँक्रीटमध्ये रिकामे अँफोरे पुरले. भिंती ढासळल्या तिथे त्यांची पोटं आजही दिसतात. आणि रोमच्या ओस्तिया बंदराजवळच्या इसोला साक्रा दफनभूमीत गरिबांच्या थडग्यांवर दगड नाही, जमिनीतून वर आलेली अँफोऱ्याची मान आहे. तिच्यातून मेलेल्या माणसासाठी दारू ओतत.

हा घडा आपल्याकडेही आला. पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला इटलीच्या दारूला पसंती असल्याची नोंद आहे. पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचला जाई, असंही तीच सांगते. नेवासे, तेर, घारापुरी इथल्या खापरांना अनेक वर्षं सरसकट रोमन अँफोरे म्हटलं गेलं. पुढे पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातली अशी खापरं पुन्हा तपासली. त्यातली बरीच मेसोपोटेमियाकडच्या बिनकानी, आतून डांबर लावलेल्या घड्यांची निघाली. यात हळहळण्यासारखं काही नाही. इराणच्या आखाताशी आपल्या किनाऱ्याचं दळणवळण किती दाट होतं, ते त्यामुळे कळलं. इटलीचा घडा ओळखायचा तर केरळात पट्टणम किंवा पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला सापडलेलं खापर पाहावं. त्यात काळे चमकदार कण असतात, इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या ज्वालामुखी वाळूचे.

अँफोऱ्याची जागा हळूहळू लाकडी पिंपाने घेतली. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या इ.स. 113 च्या कोरीव स्तंभावर डॅन्यूबकाठी पिंपं आधीच दिसतात. हलकं, गडगडत नेता येणारं, पुन्हा भरता येणारं. टेस्टाच्चोवर तिसऱ्या शतकातच खापरं पडायची थांबली. पुढे कित्येक शतकांनी रोमच्या लोकांच्या लक्षात आलं, की खापरांच्या फटींतून हवा खेळते आणि टेकडीचं पोट उन्हाळ्यातही गार राहतं. मग त्यांनी पायथ्याला भुयारं खणली आणि आत दारूची पिंपं ठेवली. आज त्यातल्या काही भुयारांत खानावळी आहेत. मागची भिंत काचेची केलेली असते आणि तिच्यामागे कान, माना आणि पोटं थरावर थर रचलेली दिसतात.