‘वाळीत’ आणि ‘बहिष्कृत’

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथची आख्यायिका सर्वश्रुत आहे. देवळापुढे कीर्तन करणाऱ्या संत नामदेवांना मागे पिटाळले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. बाहेर काढलेल्याकडे देव वळला, काढणारे मात्र निनावीच राहिले.

अशा माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘वाळीत’ टाकते ती आपलीच जात, काही ठपका ठेवून. दंड वा प्रायश्चित्त घेतले की परतही घेते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले. इथे ‘बहिष्कृत’ म्हणजे जन्मापासूनच बाहेर ठेवलेले. त्यांचा अपराध नव्हता आणि त्यांना परतीची वाटही नव्हती. ‘अस्पृश्य’ हा शब्द दोष त्या माणसातच दाखवतो. ‘बहिष्कृत’ म्हणजे बाहेर ‘केलेला’. केलेला म्हटले की करणारा आलाच.

त्या करणाऱ्याला शासन करू पाहणारा मुंबई राज्याचा १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याने सामाजिक बहिष्कारासाठी ३ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. शब्दाने दडवलेला कर्ता असा पुन्हा उजेडात आला.