द्राक्षवेल आणि लोहमार्ग

मुलुंडच्या फलाटावर उभें राहिलें म्हणजे नाशिककडे धांवणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोरून जातात. या लोहमार्गावरून 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें शाळकरी मुलांसही पाठ असतें. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं आर्जेंटिनांतील मेंडोझा प्रांताच्या विधिमंडळापुढें एक शेतकी विद्यालय स्थापण्याचा प्रस्ताव आला, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाहीं. परंतु त्या शेजारीं ठेवून पाहिल्या असतां एखाद्या प्रांताची वाइन नांवारूपास कशी येते, याचा कांहीं बोध होतो.

विद्यालयाची मूळ प्रेरणा सार्मिएंतो या मुत्सद्द्याची. मिशेल पुजे नांवाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञानें तेथें फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या काड्या आणिल्या. त्यांत मालबेक ही जात होती. पुढें फ्रान्सांत फायलोक्सेरा नामक किडीनें मळे उद्ध्वस्त केले, आणि 1956 च्या हिमकडाक्यानें मालबेकचें माहेर जें काओर, तेथील बहुतेक वेली करपल्या. माहेरीं अशी दैना झालेली ही जात सासरीं मात्र नांदली. अँडीज पर्वताचें बर्फवितळ पाणी पाटांनीं आणून त्या रुक्ष भूमींत मळे फुलविले गेले. 1885 सालीं ब्वेनोस आयरेसकडील लोहमार्ग मेंडोझास पोंचला, आणि इटली-स्पेनमधून आलेल्या कष्टाळू कुटुंबांच्या मालास दूरची बाजारपेठ मिळाली.

तथापि केवळ पाणी व रूळ यांनीं हें कार्य पुरें झालें नाहीं. निखाऱ्यांवर सावकाश भाजलेलें गोमांस, ज्यास तेथें 'आसादो' म्हणतात, त्याच्या पंक्तींत ही तांबडी वाइन रुळली. द्राक्षाच्या सालींतून व बियांतून उतरणारा तुरटपणा मांसांतील प्रथिनें व स्निग्धांश यांच्या संगतीनें सौम्य होतो. शेतांत पिकलें तें घरच्या ताटाशीं जुळलें, म्हणूनच तें टिकलें.

आतां आपल्याकडे पाहूं. 1865 सालीं लोहमार्ग थळ घाट चढून गेला. नाशिकचीं द्राक्षें दीर्घकाल खाण्याचीं म्हणूनच प्रसिद्ध होतीं. तेथील सुला ही वाइन 2000 सालीं बाजारांत आली, आणि 2001 सालीं महाराष्ट्र सरकारनें या उद्योगास उत्तेजन देणारें धोरण आंखिलें. मौज अशी कीं, मेंडोझांत दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्याअखेर आणि नाशिकांत पावसाळ्यानंतरच्या छाटणीमुळें, दोन्हीकडे द्राक्षांची तोडणी जवळजवळ एकाच सुमारास होते.

परंतु आपल्या ताटाचें काय? मिरचीच्या तिखटानें वाइनमधील मद्यार्काचा दाह व तुरटपणा दोन्ही वाढतात. म्हणून कोल्हापुरी तांबडा रस्सा तिला मानवत नाहीं. कमी तिखट, काळ्या मसाल्यांतलें सुकें मटण, अथवा दाण्यांचें व तिळांचें कूट भरलेलीं वांगीं नाशिकच्या शिराझबरोबर चांगलीं जुळतात. सुरमई-बांगड्याबरोबर मात्र तांबडी वाइन घेऊं नये; तोंडांत लोखंडाची चव येते. युरोपांतील 'खोलीची उष्णता' मुंबईस लागू नाहीं. बाटली थोडी गार करणेंच बरें.

हें सारें वाचून कोणी सद्गृहस्थ म्हणतील, "आमच्या घरांत हा विषयच नको." त्यांचें म्हणणें उपेक्षणीय नाहीं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही रद्द झालेला नाहीं, आणि 2022 सालीं मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय जाहीर होतांच राज्यांत मोठा वाद उठला. दारूनें उजाड झालेले संसार पाहिलेल्या समाजाची ती भीति आहे. उलटपक्षीं, नाशिकच्या बागाईतदाराचा संसारही खोटा नाहीं. मेंडोझाचा इतिहास या वादाचा निकाल देत नाहीं. तो एवढेंच दाखवितो कीं, वाइनला मान मिळाला तो जेवणाच्या पंक्तींत, घरच्यांच्या देखत आणि मर्यादेनें. नाशिकच्या वाइनला तसें स्थान द्यावें कीं नाहीं, हें मुलुंडच्या प्रत्येक घरानें आपल्यापुरतें ठरवावयाचें आहे.